चारही कोपऱ्यांना खळ

सोमवार, ३ मार्च

काकांनी पाकीट माझ्याच हातात का दिलं? म्हणाले, "तू नीट करशील. तुझ्याइतका चिकट माणूस दुसरा नाही." हे कौतुक होतं की काय, अजून कळलेलं नाही.

पाकिटात तळमजल्यावरच्या भाडेकरू आजोबांना खोली सोडायची नोटीस आहे. मुदत एक महिना. काकांच्या वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या समजावलं – नोटीस लेखी हवी, कारण लिहिलेलं हवं, मुदत पुरती हवी. भाडेकरूच्या हातात द्यायची, आपल्या प्रतीवर त्याची सही नि तारीख घ्यायची. घेतली नाही, तर दोन साक्षीदारांसमोर दाराला चिकटवायची. "एक जरी चूक झाली, तर सगळं पहिल्यापासून!" मी वहीत उतरून घेतलं. दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी ते वैतागले.

मंगळवार, ४ मार्च

गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. दुपारी खरंच बिघडलं.

बुधवार, ५ मार्च

नोटीस वाचली. वाचायला नको होती. "घरमालकांच्या पुतण्याचा विवाह निश्चित झाला असून त्यास राहण्यासाठी सदर खोलीची नितांत आवश्यकता आहे."

पुतण्या म्हणजे मी! लग्न? कुणाशी?

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलीला तरी माहीत आहे का?" हसल्या. भांडी लावता लावता हळूच म्हणाल्या, "मोबाइलच्या दुकानाला द्यायची आहे ती खोली. रस्त्यावर दार आहे ना. तुझं नाव नुसतं कागदापुरतं."

नववीत शाळा सुटली माझी. तसं माझं नाव फार कागदांवर नाहीच.

गुरुवार, ६ मार्च

गेलो. दारात उभा राहिल्यावर डोक्यात उजेड पडला, की मी नोटीस द्यायला कुणाकडे आलोय! आजोबा जन्मभर कोर्टात बेलीफ होते. घरोघर समन्स नि नोटिसा पोचवायच्या, हेच काम. बिल्डिंगमधले सगळे त्यांना डिंकआजोबा म्हणतात.

त्यांनी चष्मा लावला. पाकीट पाहिलं, मग मला. "ये आत. नको, थांब! आत आलास की पाणी पिशील, आणि पाणी प्यालास की देववणार नाही. उंबऱ्यावरच उभं राहायचं. आता नाव विचार."

"आजोबा, नाव मला माहीत –"

"तरी विचारायचं! भलत्याला दिलेली नोटीस म्हणजे रद्दी."

विचारलं. त्यांनी वडिलांच्या नावासकट पूर्ण सांगितलं. मग उभ्यानेच वाचली. लग्नाच्या ओळीवर बोट थांबलं. "अरे वा! मला बोलावणार ना?"

मी वहीत बघू लागलो. त्यांनी नोटीस परत माझ्या हातात दिली. "नाही घेत. घेतली तर तुझं काम सोपं होईल. माझी बायको याच खोलीत गेली. सोपं कशाला करू? लिही – घेण्यास नकार. वेळ घाल."

शुक्रवार, ७ मार्च

साक्षीदार – कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई. मी सेलोटेप नेली होती. दार उघडून आजोबाच बाहेर आले. "टेप? वारा आला की गेली! मग मी म्हणेन, मिळालीच नाही." आत जाऊन वाटीभर मैद्याची खळ घेऊन आले. "चारही कोपऱ्यांना लाव. मध्ये नको, कागद फुगतो."

इस्त्रीवाला म्हणाला, "आजोबा, अहो, तुमचंच दार ते!"

"दार कुणाचं, हे बेलीफ बघत नाही."

लावली. चारही कोपरे अंगठ्याने दाबले.

साक्षीदार गेल्यावर न राहवून विचारलं, "कागदात खोटं लिहिलेलं असलं तर?"

"माहीत असायचं की कधी कधी. तरी चिकटवायचो. म्हणायचो, पोचवणं माझं काम, खरं-खोटं कोर्ट बघेल." वाटी पुसत राहिले. मग म्हणाले, "कोर्ट साक्षीदाराला विचारतं, पोरा. तो जे सांगेल ते."

रविवार, ९ मार्च

काका खूश. वकीलसाहेब म्हणाले, "फर्स्ट क्लास काम!" म्हातारा महिन्यात निघाला नाही, तर कोर्ट. तिथे मी एवढंच सांगायचं – माझं लग्न आहे, मला खोली हवी. "दोन वाक्यं," काका म्हणाले. "लहानाचा मोठा केला तुला. दोन वाक्यं जड झाली?"

पाठ होत नाहीत. एरवी मला सगळं पाठ होतं.

मंगळवार, ११ मार्च

जेवण जात नाही. जाता-येता नोटीस दिसते. एक कोपराही सुटलेला नाही. नखाने उचकटून पाहिला – छे! फारच नीट चिकटवली मी.

गुरुवार, १३ मार्च

कागद लिहिला. तीन प्रती. माझे लग्न ठरलेले नाही. मला खोलीची गरज नाही. कोर्टात विचारले तर हेच सांगेन. खाली सही, तारीख.

एक वकीलसाहेबांना, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. एक डिंकआजोबांना. उंबऱ्यावर उभा राहून पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. सही दिली. आत गेले आणि खळीची वाटी आणून माझ्या हातात ठेवली.

तिसरी उद्या, काकांना. कपड्यांची पिशवी भरून जिन्यात ठेवली आहे. न जाणो.

शुक्रवार, १४ मार्च

काकांनी घेतली नाही. "माझ्या घरात राहून मलाच नोटीस?" म्हणून दार लावून घेतलं. त्यांच्याच दाराला चिकटवली. सकाळचे सव्वाआठ. चारही कोपरे. पहिली सही इस्त्रीवाल्याची. दुसऱ्या सहीला कुणी तयार होईना. मग आतून कडी निघाली. काकू हात पुसत बाहेर आल्या, दार मागे ओढून घेतलं, कागद सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "पेन दे. कुठे करायची?"