सुनेला लिहिता न येणारं नाव

तेरेक-बुलाक,
जर्दाळू वाळत घालण्याचे दिवस

राजमान्य व्याहीबुवा ओरोझाली यांस,

झुमादिलचा सलाम. जनावरं धडधाकट आहेत ना, शिंगरू अंग धरतंय का, विहीणबाईंचा खोकला गेला का, आणि तुमचे नवे दात जेवताना तोंडात असतात की अजून खिशातच, हे सविस्तर कळवावं. इकडे सगळे ठीक. तुमचा जावई तालाय कामावर जातो, आमची मंडळी सोनुनबु दह्याच्या गोळ्या वळून वाळवते (या वर्षी इतक्या झाल्यात की छपरावर मांजराला चालायला वाट उरलेली नाही) आणि मी दोघांना सल्ले देतो. फोनच करणार होतो. पण नको तो विषय निघाला की तुम्हाला फोनवर ऐकू येईनासं होतं, हा माझा जुना अनुभव आहे. म्हणून हे पत्र गाडीवाल्याच्या हाती पाठवतो आहे.

पत्रास कारण तुमची लेक. व्याहीबुवा, सोयरीक ठरवताना तुम्ही सांगितलंत की मुलगी शांत आहे, नूडल्स केसासारखे बारीक कापते आणि वडीलधाऱ्यांपुढे मान वर करत नाही. सगळं खरं निघालं. पण मान खाली घालून ती फोनमध्ये काय करते, हे तुम्ही शिताफीने गाळलंत. चहाचा सामोवार उकळायला ठेवला की कनिशाय भिंतीला टेकते आणि इंटरनेटवरच्या आपल्या किर्गीझ ज्ञानकोशातल्या चुका काढते. कोणी सांगितलेलं नाही, कोणी छदाम देत नाही. कुठे एखादी नदी उताराऐवजी चढावर वाहते, कुठे एखादा सरदार स्वतःच्या बापाआधी जन्मतो, कुठे स्वल्पविराम घसरून पडलेला असतो. ही पोर तो उचलते, झटकते, जागेवर ठेवते आणि मग चहा ओतते. तिच्यासारखे आणखी बरेच आहेत म्हणे. ओश शहरातले एक डोळ्यांचे डॉक्टर दिवसभर लोकांचे मोतीबिंदू काढतात आणि घरी येऊन ज्ञानकोशातली नको असलेली टिंबं काढतात. ते एकमेकांना भेटलेले नाहीत, पण चूक सापडली की एकमेकांचं असं कौतुक करतात, जसं आपण कोकरू जन्मल्यावर करतो.

मला आधी हे रिकामटेकडेपणाचं वाटलं. (मी आयुष्यभर गुरांचा डॉक्टर. दुखतंय कुठे ते दाखवता येत नसेल तर मी त्याला आजारच मानत नाही.) मग तिने आपल्या गावाची लोकसंख्या दुरुस्त केली. कुणीतरी एक शून्य जास्त दिलं होतं. गावप्रमुख धावत आला, म्हणाला, थोडे दिवस राहू दे, त्या आकड्यावर मी जिल्ह्याकडे दुसरी बस मागितली आहे. कनिशायने त्याला चहा दिला, जर्दाळू दिले, शून्य दिलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही सून आपल्या घरात आली हे आपलं भाग्य.

आता पुलाकडे येतो. तुमच्या कारा-झार आणि आमच्या तेरेक-बुलाकमधला दगडी पूल माझ्या वडिलांनी, एसेनकुलने बांधला. हे नदीला माहीत आहे, पुलावरून जाणाऱ्या मेंढ्यांना माहीत आहे. आणि ज्ञानकोशात काय लिहिलेलं? ‘पूल कारा-झारच्या बोरूबायने बांधला.’ म्हणजे तुमच्या वडिलांनी! तुमच्या वडिलांबद्दल मला आदर आहे. खिंडीपलीकडून लाकडं त्यांनी ओढून आणली, दोर त्यांनी धरला. पण दोर धरणारा बांधणारा ठरला, तर घोडा धरणारा पोरगा शर्यत जिंकला म्हणायचं.

मला वाटलं, सून माहेरची निघाली. रागाच्या भरात मी स्वतःच अंगठ्याने दुरुस्ती केली. बोरूबायला पुसलं, एसेनकुलला बसवलं आणि जागा होती म्हणून जोडलं की असा कारागीर उभ्या डोंगरात झाला नाही आणि त्याचा मुलगाही काही कमी नाही. चहाचा वाडगा रिकामा होईपर्यंत सगळं गायब. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा गायब. तिसऱ्यांदा दार बंद. ओशच्या त्या डॉक्टरांनी फार अदबीने कळवलं की ज्येष्ठांचा उत्साह स्तुत्य आहे, तो काही दिवस विश्रांती घेईल.

तेव्हा कुठे मी कनिशायला विचारलं आणि चूक कशी झाली ते कळलं. ज्ञानकोशाचा एक तरुण उन्हाळ्यात माहिती गोळा करायला आला होता. पुरुष सगळे जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर. गावात उरल्या म्हाताऱ्या. त्याने विचारलं, पूल कोणी बांधला? आता आपल्या बायका सासरच्या थोरांचं नाव उच्चारतील का? एक म्हणाली, आमच्या थोरल्यांनी. दुसरी म्हणाली, उत्तरेकडच्या घरातल्यांनी. सोनुनबु छाती काढून म्हणाली, माझ्या सासऱ्यांनी. नाव काय त्यांचं? नवऱ्याला विचार. नवऱ्याचं नाव काय? ते कुरणावर आहेत. बिचारा रडकुंडीला आला. शेवटी विचारलं, हाताखाली कोण होतं? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, कारा-झारचा बोरूबाय! परक्या गावचा, त्याचं नाव घ्यायला कसली अडचण? जे एकच नाव कानावर पडलं ते त्याने लिहिलं. व्याहीबुवा, माझ्या बापाचा इतका मान राखला गेला की त्याचं नावच उरलं नाही.

मी म्हटलं, मग तू का नाही बदललंस? ती म्हणाली, “बाबा, तुमच्या वडिलांचं नाव मला लिहिता येत नाही आणि माझ्या आजोबांचं पुसवत नाही. पण दोन्ही तिथे हवीत.”

मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. यावर त्या पोरींनी काढलेली तोड ऐका. ज्ञानकोशात काम करणाऱ्या सुनांनी आपसात ठरवून घेतलंय. तलासच्या चोल्पोनच्या सासरची नावं आपली कनिशाय लिहिते आणि कनिशायच्या सासरची चोल्पोन. रीतही सांभाळली जाते आणि खरंही लिहिलं जातं. आम्ही पुरुषांनी असला प्रश्न सोडवायला बैठक घेतली असती, मेंढा कापला असता आणि भांडून घरी गेलो असतो. तर चोल्पोनने लिहिलं, ‘पूल एसेनकुलने बांधला, बोरूबायच्या साथीने.’ (साथीने हा शब्द मला जरा सढळ वाटला. कनिशाय म्हणाली, बाबा, खरं तेच आहे.) पण शेजारी त्यांनी बारीक अक्षरात टाकलंय: पुरावा हवा. पुरावा नाही मिळाला तर माझ्या वडिलांचं नाव पुन्हा काढतील. मी म्हटलं, मी मुलगा आहे, मीच पुरावा. डॉक्टरांनी कळवलं, तसे पुरावे फार येतात.

असो. तुमची लेक सोन्यासारखी आहे. कधी नव्हे ते तुमचे आभार मानतो. विहीणबाईंना सलाम, शिंगराच्या पाठीवर माझा हात.

तुमचा व्याही,
झुमादिल

ता. क. तुमच्या खुंट्याजवळ एक चौकोनी दगड आहे, ज्यावर पाय ठेवून तुम्ही घोड्यावर चढता. पुराने पुलाचा कठडा नेला तेव्हा तुमच्या वडिलांनी त्यातला हा दगड गाळातून काढून आणला आणि कोरलेली अक्षरं खाली करून ठेवला, नावांवर कुणाचा पाय पडू नये म्हणून. हे मला काल कनिशायने सांगितलं, तेही मी पुरावा कुठेच नाही का म्हणून खोदून विचारल्यावर. बापाकडे मागायची तिची छाती होत नाही, म्हणून मी मागतो. दगड उलटा करा. नावं दोन्ही आहेत म्हणे, तुमच्या वडिलांचंही. घोड्यावर चढायला दुसरा दगड मी आणतो, याहून उंच.

ता. क. २. पत्र कनिशायने वाचलं. तीन चुका काढल्या आणि ‘सोन्यासारखी’ शेजारी ‘पुरावा हवा’ असं लिहून ठेवलं. मी ते खोडलं आहे.

ता. क. ३. मी दगड घेऊन येईन तेव्हा सोनुनबुही येणार म्हणते. तिने सासऱ्यांचं नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही, आताही काढणार नाही. फक्त त्यावर एकदा हात ठेवायचा आहे म्हणाली. तेव्हा दगड धुऊन ठेवा.