सासऱ्यांसाठी घरची काडतुसं

४ मार्च
हरणं माजावर यायला महिना राहिला. सासरे अल्बी ऐंशी पार. गुडघे गेलेत, ही शेवटची शिकार म्हणतात. जेवताना जाहीर केलं, त्यांची काडतुसं मी घरी बनवणार. दुकानच्या मालात आपुलकी नसते. बायको ग्लेनिस म्हणाली, आपुलकी राहू दे, बार उडाला म्हणजे झालं.

९ मार्च
गॅरेजात काडतुसं भरायचा प्रेस बसवला. बार काढला की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबली की पुन्हा मापात. लोक उगाच बाऊ करतात.
संध्याकाळी : एकही पुंगळी रायफलमध्ये जाईना. मागून बंद करायचा बोल्ट अर्ध्यावर अडतो. मापासाठी आणलेली अल्बींची रायफलच घाण असणार. त्यांना फोनवर तसं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

१० मार्च
रायफल लख्ख. बोल्ट तसाच.

१४ मार्च
कारण सापडलं! पुंगळ्या लांबल्यात. सगळ्या कापल्या. तरी जात नाहीत. हवा दमट आहे सध्या.

१९ मार्च
ग्लेनिस चहा घेऊन आली. वाकून बघितलं. म्हणाली, "नेव्हिल, डाय खाली टेकतच नाहीये रे! पुंगळीचा खांदा, हा मानेखालचा उतार, मागे सरकणार कसा?" फटीत बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा सारून दाखवला. फट मुद्दाम ठेवलीय, म्हटलं. कशासाठी, असं तिनं विचारलं. चहा गार होत होता.

२० मार्च
स्वतंत्र विचार करून डाय टेकेपर्यंत फिरवला. पुंगळ्या लोण्यासारख्या आत! शोध लागायला शांतता लागते.

२७ मार्च
दारू भरली, गोळ्या बसवल्या. गोळी बसवायचा डायसुद्धा त्याच तत्त्वावर पार खाली आवळला. ग्लेनिस म्हणते, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन एक तरी उडवून बघ. मी म्हटलं, पुंगळ्या तपासल्यात ना? मग काडतुसं वेगळी थोडीच आहेत!

५ एप्रिल, वायाऊ नदीकाठची झोपडी
पहाटे डोंगराच्या धारेवर बसलो. तीस पावलांवर भला थोरला नर येऊन उभा. अल्बींनी काडतूस घातलं. बोल्ट अर्ध्यावर. दुसरं. तिसरं. खटखट ऐकून नर आमच्याकडेच बघायला लागला. अल्बी कुजबुजले, "जावईबापू, ह्याला थांबायला सांगा, कानस घेऊन येतो."
मग त्यांनी रायफल मांडीवर ठेवली. नुसते बघत राहिले. नरानं झाडाला शिंगं घासली, छाती फुटेल असा ओरडला, सावकाश निघून गेला. अल्बींचे डोळे ओले. म्हणाले, "एवढा वेळ कधी बघितलाच नव्हता. दर वेळी आधीच मारायचो."
मी म्हटलं, माझ्या मनात तेच होतं.
"गप बस, नेव्हिल."
झोपडीत त्यांनी काडतुसावरून अंगठा फिरवला. "गोळी बसवताना डाय इतका आवळलास की पुंगळीचा खांदाच फुगवलास, गाढवा." आवाजात माया होती. बहुतेक.

९ एप्रिल
अल्बी पुढच्या वर्षी पुन्हा जाणार. ग्लेनिसबरोबर. प्रेस तिनं ताब्यात घेतलाय. घरी थांबून कुत्रं सांभाळायची जबाबदारी माझ्यावर. कुणालाही जमण्यासारखं काम नाही ते. सराव म्हणून आजच फिरायला नेलं.
एकटाच परत आलो. कुत्रं आधीच घरी पोचलं होतं.