शॉकअपमधलं जाड तेल

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याबद्दल वाईट बोलायला हरकत नसावी. तुमच्या फोटोला मी हार घालतो, सणावारी बदलतोही. फोटोत तुम्ही फार सज्जन दिसता. काढणारा हुशार होता.

नागपुरात, महालातल्या त्या गल्लीत तुमची मोटारसायकल गॅरेजच्या दारात तिरपी उभी असायची. गॅरेजला दुसरी पाटी नव्हती. कुणाची गाडी आली की तुम्ही पुढचा ब्रेक आवळून हँडल दाबायचात, शॉकअपच्या चकचकीत पाइपावरून बोट फिरवायचात आणि बोटाला तेल लागलं की मालकाकडे असं बघायचात, जणू त्याच्या पोराच्या खिशात बिडी सापडली. "तेलाचं सील गेलं गा. पण नुसतं सील बदलून काय करशील? पाइपाले गंजाचे खड्डे पडले, थो नवं सीलही कापून टाकीन." निदान अचूक असायचं. दुखणं तेच तुमच्या गाडीलाही होतं, आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. पण पाइप काढून क्रोमचा मुलामा द्यायला पाठवायचे म्हणजे पाटीच उतरवायची, आणि समोरचा गॅरेजवाला ते चहा पीत बघणार. मेकॅनिकच्या गाडीतून तेल गळताना दिसणं तुम्हाला परवडणारं नव्हतं. तुम्ही शॉकअपमधलं हलकं तेल काढलं आणि गिअरबॉक्सचं जाड तेल ओतलं. गळणं थांबलं. शॉकअपचं हलणंही थांबलं.

त्या गाडीवर मागे माय बसायची. दर रविवारी हुडकेश्वरला, तिच्या माहेरी. तेव्हा तिकडे शहर पोचलं नव्हतं, बैलगाड्यांनी उकरलेला रस्ता होता. "अवो, हळू घ्या नं, कंबर निघून राहिली," ती म्हणायची, आणि तुम्ही मान न वळवता विचारायचात, "तुले शॉकअपमधलं काय समजते वं?" पोचल्यावर ती भिंतीला धरून उभी राहायची आणि तिच्या वहिन्या कंबर शेकायला चुलीत वीट तापवायला घालायच्या. डॉक्टरांनी गाडीवर बसूच नका म्हणून सांगितलं, तर तुम्ही हसलात. "त्याले गाडी चालवता येते काय?" त्या विनोदावर गॅरेजातले सगळे हसले. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता. पुढे माय वाकूनच चालायला लागली. चाळिशीही उलटली नव्हती तिची.

तुमच्यामागे गाडी माझ्याकडे आली. शॉकअपचं बूच काढलं तर आतून डांबर यावं तसं तेल आलं. पाइप क्रोम करून आणले, सील घातले, दोन्ही नळ्यांत हलकं तेल सारखं मापून ओतलं. मग मायला म्हटलं, बस. ती बसली, नाही म्हणायची सवय तुम्ही तिला लागूच दिली नव्हती. हुडकेश्वर येईपर्यंत तिनं एकदाही 'हळू घे' म्हटलं नाही. उतरली, भिंत धरली नाही.

"काय केलं गा तू गाडीले?"

"सील बदलले, तेल बदललं. पाइप क्रोम करून आणले."

"बस, इतकंच?"

"इतकंच."

तिनं गाडीवरून हात फिरवला. "मंग तुह्या बाबानं काहून नाही केलं?"

मी म्हणालो, "तेव्हा हे सील नागपुरात भेटतच नव्हते, माय."

"तरीच," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "किती खटपट करत होते बिचारे." तुम्ही गेलात तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

बाबा, ते सील मी बाजारातून आणले नव्हते. तुमच्याच फळीवर, डबाभर पडले होते. खोटं बोललो ते तुमची अब्रू राखायला नाही. जिच्या कंबरेचा तुम्ही असा निकाल लावलात, तिला निदान तो कुणी लावला हे कळू नये, एवढंच वाटलं. ती अजून तुमची बाजू घेते. मला चीड येते, मी गप्प बसतो. हा कागदही आता फाडून टाकतो. तिला वाचता येतं.