बेकरी टेक्निशियन होईपर्यंत

१९ जून २०२३
आणि आप्पांनी पुन्हा तेच काढलं. फोन केलेला स्वातीच्या ॲडमिशनसाठी, मध्येच माझी आठवी कशाला? म्हणे, "शाळा सोडलीस म्हणून गोव्यात सायकलवर पाव विकत फिरतोस." मी विकत फिरत नाही. मी पावांचं, इथल्या भाषेत उंड्यांचं, डिस्ट्रिब्युशन बघतो. सकाळी अर्धं मये गाव माझ्या भोंग्यावर उठतं. चंदगडात बसून वडिलांना हे कळायचं नाही.
स्वातीला आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. धाकटी बहीण आहे, फी मी भरतो म्हणून सांगितलंय. तीन हजार दोनशे बाजूला ठेवलेत. विषय संपला.

२२ जून
निर्णय झाला. डिचोलीच्या ट्रेनिंग सेंटरला सरकारी स्कीम. 'बेकरी टेक्निशियन', दोन महिने, फी नाही. पहिला महिना वर्ग, दुसरा ओजेटी, म्हणजे मालकाकडं प्रत्यक्ष काम, बिनपगारी. मग सर्टिफिकेट, मग नोकरी. सेंटरच्या तनया मॅडम म्हणाल्या, शिक्षण, ट्रेनिंग आणि मालक, तिन्ही सरकारनं जोडून दिलेत. बॅचला एक माणूस कमी होता. मला बघून त्या खुर्चीतून उठल्याच. नजर लागते माणूस ओळखायला.

२३ जून
बेकरीचे मालक दत्तारामबाब यांना राजीनामा दिला. तोंडी. ते म्हणाले, "सोडून जातंस? आणि उद्या उंडे कोण व्हरतलो, तुझो आजो?" प्रोफेशनल माणूस वाद घालत नाही. त्यांची बायको आनंदीबाय यांनी निघताना कागदात चार काकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, बांधून दिली. अजून गरम होती.

२५ जून
काळे बूट, सेंटरच्या पांढऱ्या कोटाचं डिपॉझिट, खोलीभाडं. स्वातीच्या फीला हात लावला. तात्पुरता. पहिल्या यादीत तिचं नाव नाहीच लागलं, म्हणजे घाई नाही. ऑगस्टअखेर मी गोव्यातल्याच चोपड्याला नदीकाठच्या रिसॉर्टात, पगार पंचवीस हजार. मग आयटीआय कशाला? डायरेक्ट इंजिनिअरिंग.

४ जुलै
ओव्हन आला आहे. खोक्यात आहे. त्याला लागणारी वीज अजून सेंटरला आलेली नाही. तोवर श्रीनाथ सर पडद्यावर ओव्हनचे फोटो दाखवतात. दोन दिवस हात धुणे हाच विषय झाला. मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो. पहाटे उठायची सवय अंगातून जात नाही.

१५ जुलै
टेस्ट. पन्नासात अकरा. यीस्ट म्हणजे काय, या प्रश्नाला मी लिहिलं, 'पाकिटातून येतं.' खोटं आहे का? सरांना बेकरीचा अनुभव कमी.

२७ जुलै
ओजेटीसाठी आवडीचं ठिकाण लिहून द्यायचं होतं. चोपड्याचं रिसॉर्ट लिहिलं. बूट पॉलिश केले.

३१ जुलै
बंद पाकीट मिळालं. 'इंडस्ट्री पार्टनर, मये.' मयेत रिसॉर्ट कधी झालं? पत्त्यावर गेलो. दारात दत्तारामबाब उभे. "इलंस? बरां केलंस. सायकलीक हवा मार."
मी गेल्यावर त्यांना माणूस मिळेना. कोणीतरी सांगितलं, सेंटरकडं माग, ट्रेनी मिळतो आणि पगारही द्यावा लागत नाही. त्यांनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "परफेक्ट मॅच आहे हो!"

१ ऑगस्ट
तीच सायकल, तोच भोंगा. पण फरक आहे. आता मी शिकतोय. कोट घालून गेलो. मयेतल्या कुत्र्यांना पांढरा कोट नवीन आहे. तळ्याजवळच्या पद्मावतीबायनं विचारलं, "कोर्स झालो मरे?" म्हटलं, चालू आहे. "मगे दोन उंडे दी."

९ ऑगस्ट
दत्तारामबाबनी प्रगतीच्या रिपोर्टवर लिहिलं, 'मुलगा हळूहळू शिकत आहे.' दोन वर्षं हेच काम करत होतो, तेव्हा कधी कौतुक नाही. कोर्सचा परिणाम.

१४ ऑगस्ट
स्वातीचा फोन. दुसऱ्या यादीत नाव लागलं, इलेक्ट्रिशियनच. फी भरायची शेवटची तारीख सोळा. म्हणाली, "दादा, नसतील तर सरळ सांग. शेजारची राणी काजूच्या फॅक्टरीत जातीया, मी पण जाईन तिच्यासंगं." म्हटलं, पैसे तयार आहेत. खिशात एकशे दहा. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुझं सर्टिफिकेट आलं की फोटो पाठव हां. वर्गात दाखवते."

१५ ऑगस्ट
बुटांना गिऱ्हाईक नाही.
दत्तारामबाबकडं उचल मागितली. "ट्रेनीक उचल? खंयच्या कायद्यान?" म्हणाले, "कामगार आसलो जाल्यार दितंय." सर्टिफिकेटला पंधरा दिवस राहिलेत. मी भट्टीसमोर बसून राहिलो. आनंदीबायनं चहा आणून ठेवला. चहा संपल्यावर मी म्हटलं, कामगार.
उचल मिळाली. पगार पूर्वीपेक्षा पाचशे कमी. जुन्या अनुभवाचं सांगून बघितलं. म्हणाले, "तो मधी तुटलो. आता तू नवो."

१६ ऑगस्ट
सेंटरला कोट परत केला. कोर्स सोडला असं कुणी म्हणू नये. मॅडमनी स्वतः बोर्डावर लिहिलं, 'पहिली प्लेसमेंट, मये.' बॅचमध्ये सगळ्यांच्या आधी नोकरी मला लागली. सर्टिफिकेटचं पुढं बघू. स्वातीला बोर्डाचा फोटो पाठवणार होतो, मग नको वाटलं.
फक्त पैसे पाठवले. तीन हजार दोनशे रुपये.