टँगोच्या वर्गात अडकलेला पाय

अण्णा, माझाही पाय अडकायला लागलाय. तुम्हाला हे सांगायला मला दोन वर्षं लागली. उजवाच पाय, तुमचा होता तोच. उंबऱ्यापाशी, वळताना, किंवा मागून कुणी हाक मारली की तळवा फरशीला डकवल्यासारखा बसतो आणि वरचं अंग मात्र पुढं निघून जातं. तुमच्या वेळी वैद्य म्हणाला होता, वात आहे, एरंडेल घ्या. माझ्या वेळी नांदेडच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि उठताना म्हणाले, "मास्तर, ह्या आजारात पाय चालणं विसरतात. ठेका मिळाला की त्यांना आठवतं. ठेक्यावर चालत जा." मी मानवतच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, टाळ्या वाजवून घेत पोरांकडून वृत्तं घोटून घेतली, आणि म्हातारपणी मला एक परका माणूस सांगतोय की ठेक्यावर चाला. मला हसूच आलं. घरी आलो, न्हाणीच्या उंबऱ्यावर तसाच खिळून उभा राहिलो, आणि ते हसू गेलं.

आता मी परभणीत असतो, मुलाकडे. तुमची सून जाऊन सहा वर्षं झाली. वसमत रोडला टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, एका भिंतीला आरसेच आरसे. सकाळी तिथं बायका झुंबा करतात, दुपारी गॅदरिंगची पोरं नाचतात, आणि आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी आम्ही सात-आठ जण अर्जेंटाईन टँगो शिकतो. हसू नका. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच तिथं पाठवलं. शिकवणारी मुलगी इथलीच, नोकरीला पुण्यात होती, तिथं हे शिकली आणि आईच्या आजारपणात परत आली. सगळे तिला मॅडम म्हणतात, ती मला काका म्हणते. पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, टँगो म्हणजे नाच कमी आणि चालणं जास्त. दोघांनी मिळून चालायचं. बाकीचं नंतर बघू." तिनं गाणं लावलं. भाता हातात धरून वाजवायची पेटी असते त्यात, बँडोनियन म्हणतात. सूर असा की आपल्या भजनातली पेटी कुणीतरी रडवली आहे. जोड्यांनी हॉलभर गोल फिरायचं होतं. मी आपला देवळातल्यासारखा, देव उजवीकडे ठेवून निघालो. टँगोत नेमकी उलटी फेरी असते, हे मला कुठलं माहीत! समोरून तीन जोड्या अंगावर आल्या आणि एक बाई खणखणीत आवाजात ओरडल्या, "ओ मास्तर, हिथं देव न्हाई, मागं फिरा!" सगळे हसले. मी घाईनं फिरायला गेलो, पाय अडकला, तोल गेला, आणि त्याच बाईंनी मला दोन्ही काखांत हात घालून धरलं. अगदी सवयीच्या हातानं.

त्या जिंतूरच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. त्या दिवसापासून त्याच माझ्या जोडीदार. अण्णा, ह्या नाचात मिठी घ्यावी लागते. छातीनं सांगायचं, आता डावीकडे, आता थांब, आणि समोरच्यानं ते छातीनं ऐकायचं. आपल्या घरात पाया पडायची पद्धत, मिठीची नव्हती. मला आठवतंय तेव्हापासून तुम्ही मला एकदाही जवळ धरलेलं नाही, आणि मीही माझ्या पोराला नाही. मी आपला हातभर लांब उभा राहायचो. सिस्टर म्हणाल्या, "या की जवळ. लय पेशंट धरलेत मी, तुमी त्यातलेच एक. आन् खाली बघू नका, पाय कुठं पळून जायले न्हाईत."

खाली बघितलं नाही की मला तुमची शाळा दिसायची. पालमकडचं ते गाव, एकच खोली, चार वर्ग, शेणानं सारवलेली जमीन. तुम्ही कडुलिंबाची शिमटी पाठीमागं धरून पुढं चालताय आणि आम्ही सगळे तुमच्या मागं गोल फिरतोय, पहिलीपासून चौथीपर्यंत. शेताकडच्या पांदीवर, त्या अरुंद वाटेवर, तुम्हीच पहिलीसाठी जोडलेल्या त्या ओळी:

पांदी-पांदी चालत जाऊ,
बोरं-बोरं वाटुन खाऊ.

"कविता बसून म्हणायची नसते," तुम्ही सांगताय. "पायात आली म्हणजे पाठ झाली." माझी सगळ्यांच्या आधी पाठ झालेली, म्हणून मी पळत-पळत म्हणतोय, ओळीवर ओळ चढवतोय. तुमची शिमटी माझ्या खांद्यावर अलगद टेकते. "हळू. पळणाऱ्याला बोरं दिसत नाहीत." पुढं मी मोठमोठ्या कवींच्या कविता शिकवल्या, पण कवितेवर जीव जडला तो त्या खोलीत. हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

बरं, मुद्द्यावर येतो. मुद्दा तुमच्या नातवाचा. तो तापट नाही, भित्रा आहे, माझ्यावर गेलाय. मागच्या महिन्यात क्लासला जाताना रस्ता ओलांडताना मी मधोमध अडकलो. एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं काय काय शिव्या दिल्या ते लिहीत नाही. शेजारच्या पंक्चरवाल्यानं मला हाताला धरून कडेला आणलं आणि मुलाला फोन लावला. घरी आल्यावर मुलानं आधी मला पाणी दिलं. मग म्हणाला, "बाबा, बस झालं आता. उद्यापासून एकट्यानं घराबाहेर पडायचं नाही. माणूस ठेवतो, चाकाची खुर्ची आणतो."

"आणि क्लास?"

"कसला क्लास! ह्या वयात मिठ्या मारत फिरायचं, आन् रस्त्यात पुतळ्यासारखं उभं राहायचं. उद्या मला काय बघायला लावायलात तुम्ही?"

त्याचं चुकलं नव्हतं. पण चाकाच्या खुर्चीत एकदा बसलेलं माणूस त्यातून उठत नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी सौदा केला. पुण्याहून पाहुणे शिक्षक येणार होते, शनिवार-रविवार दोन दिवसांची कार्यशाळा. शेवटी प्रत्येक जोडीनं एकटीनंच, सगळ्यांसमोर, हॉलची एक पूर्ण फेरी घ्यायची. मी म्हणालो, "तू ये. बघ. फेरी पुरी झाली तर मी एकटा फिरणार. अर्ध्यात अडकलो तर तू म्हणशील ते."

"शब्द?"

"शब्द."

शनिवारी मी चारदा अडकलो. पाहुणे शिक्षक शिडशिडीत, पिकल्या दाढीचे, टँगोच्या मुलखात काही वर्षं राहून आलेले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही सारखे मनात आकडे मोजताय. हाताला कळतंय मला. मोजणं सोडा, गाणं ऐका." गाणं मी ऐकतच होतो. पण ते मध्येच श्वास रोखून थांबतं, त्यातच त्याची गंमत म्हणे, आणि ते थांबलं की माझ्या पायाला वाटतं, संपलं. चहाच्या वेळी सिस्टर माझ्याजवळ बसल्या. "मास्तर, उद्या पोरगं येणार न्हवं?"

"येणार."

"मग एक सांगून ठेवते. तुमी अडकलात तर मी ढकलणार न्हाई. उभी राहीन, सोडणार न्हाई, पण ढकलणार बी न्हाई. ढकललेलं माणूस चाललं असं मी कधी कागदावर लिहिलं न्हाई."

रविवारी दुपारची गोळी मी घड्याळ बघून घेतली. मुलगा दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलाय, माझी काठी त्यानं मांडीवर आडवी धरलीय. ती त्यानं घरून आणलीय, मी न सांगता. आमची पाळी येते. मी सिस्टरांच्या समोर उभा राहतो, ह्या वेळी हातभर लांब नाही. गाणं सुरू होतं. पहिली भिंत पार पडते. खिडक्यांची भिंत पार पडते. कोपऱ्यावर मी वजन डाव्या पायावर घेतो, वाट बघतो, वळतो, आणि पाय येतो! आरशांच्या भिंतीला लागतो तेव्हा मला आमची दोघांची छबी दिसते आणि मागं मुलाचा चेहरा. आता ही भिंत आणि मग दाराची, एवढंच उरलंय. आणि लाईट जाते. गाणं सुराच्या मधोमध तुटतं. पंखे दोन-तीन गिरक्या घेऊन थांबतात, खालच्या दुकानातला हवेचा पंपसुद्धा बंद पडतो. हॉलमध्ये काहीही आवाज नाही आणि माझा पाय फरशीला चिकटलेला आहे.

मॅडम मोबाईल शोधायला धावतात. पाहुणे हात वर करून सगळ्यांना जागेवर थांबवतात. सिस्टर हलत नाहीत. त्यांचा तळहात माझ्या पाठीवर तसाच, फक्त कानाशी म्हणतात, "मी हाय." आरशात मुलगा उठून उभा राहिलेला दिसतो. "बाबा, खुर्ची आणू का?" त्याचा आवाज कापरा आहे. मी पायाला सांगतो, चल. तो ऐकत नाही. मी मनात एक-दोन-तीन-चार म्हणतो, तो ऐकत नाही. मग माझ्या तोंडून, मी न ठरवता, पुटपुटल्यासारखं येतं, पांदी-पांदी. पाय तसाच. पुन्हा म्हणतो, मोठ्यानं. तिसऱ्यांदा वर्गात म्हणतात तसं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणतो, पांदी-पांदी चालत जाऊ, आणि "चालत"वर टाच सुटते. सिस्टरांना पुढच्या ओळीत ठेका सापडला. त्या उलट्या पावलांनी मागं सरकत गेल्या आणि मी त्यांच्यासमोर पुढं, बोरं-बोरं वाटुन खाऊ. आरशांची भिंत संपली. मी वळलो. दाराची भिंत संपली. लाईट आली नव्हती. कुणी टाळ्या वाजवल्या की नाही ते मला आठवत नाही, कारण त्या शेवटच्या भिंतीशी मला भलतंच काहीतरी कळलं होतं.

अण्णा, शेवटची वर्षं तुम्ही मानवतला आमच्याकडे होता. रोज सकाळी पेपर वाचायला स्टँडपर्यंत जायचात, आणि वाटेनं खड्या आवाजात पहिलीची ती कविता म्हणायचात. तुमची सून म्हणायची, अण्णांना बालपण आलंय. मलाही तसंच वाटलं होतं. पण तुमचं डोकं ठिकाणावर होतं. तुम्ही चालत होता. कुठल्या डॉक्टरनं न सांगता तुम्हाला तुमचं औषध सापडलं होतं, तुमच्याच शाळेतलं. आणि एका सकाळी मी शाळेत निघालेलो असताना धान्याच्या मोंढ्याच्या कोपऱ्यावर तुमचं कोपर धरलं आणि दातओठ खाऊन म्हणालो, "अण्णा, रस्त्यात असं मोठमोठ्यानं बरळू नका. माझ्या शाळेतली पोरं हसायलीत." मी तेव्हा नवा मास्तर, नवा इस्त्रीचा शर्ट. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं," एवढंच म्हणालात. तोंड मिटलंत. पाऊल टाकायला गेलात आणि जागीच उभे राहिलात. मला वाटलं, रुसलात. घंटा व्हायची वेळ झाली होती, मी तुम्हाला तिथंच सोडून गेलो. ओळखीच्या हमालानं तुम्हाला हातगाड्यावर बसवून घरी आणलं, हे मला संध्याकाळी कळलं. त्यानंतर तुम्ही ओट्यापर्यंत यायचात. मग खाटेपासून खुर्चीपर्यंत. वर्षाच्या आत गेलात. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, अण्णांनी चालणंच सोडलं हो.

रविवारी जिना उतरताना मुलगा माझ्या एक पायरी पुढं होता, वळून वळून बघत. खाली आल्यावर त्यानं काठी पुढं केली. मी ती घेतली, उगाच कशाला अकड. "बाबा," तो म्हणाला, "ते काय म्हणत होता मघाशी?"

"काही नाही. ठेका. मॅडमनी दिलेला."

सिस्टर चपला घालत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा चपलेचा पट्टा लावायला वाकल्या.

"म्हणजे रस्त्यानं जाताना पण म्हणणार? एवढ्या मोठ्यानं?"

"म्हणावंच लागंल."

तो थांबला. "लोक..." असं त्यानं सुरू केलं. मला मोंढ्याचा कोपरा आठवला. पण त्यानं ते वाक्य पुरं केलं नाही, गाडीची किल्ली ह्या हातातून त्या हातात केली आणि म्हणाला, "म्हणा मग. फोन तेवढा खिशात ठेवा." अण्णा, तो माझ्यावर गेलाय असं मी वर लिहिलं. ते तितकंसं खरं नाही.

आज सकाळी मी एकटा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो, मोठ्यानं म्हणत. सायकलवरच्या दोन मुली खो-खो हसल्या. पाय काही अडकला नाही. आल्यावर हे लिहायला बसलो. हे मी मुलाला दाखवणार नाही, मॅडमना नाही, सिस्टरांनाही नाही. त्याला कविता कुणाची हे सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागेल, आणि तेवढा धीर माझ्यात अजून नाही. पण तुमच्यापाशी एक गोष्ट खोटी राहायला नको. मोंढ्याच्या कोपऱ्यावर त्या सकाळी माझ्या शाळेतलं एकही पोरगं नव्हतं. हसत कुणीच नव्हतं, अण्णा. मलाच लाज वाटत होती.