नंदीच्या इंग्रजीसाठी देव पाण्यात

लातूर, ४ फेब्रु. ८३, शुक्र.
नंदी शिकवणीहून रडत आली. टँकर उशिरा आला, हंडे भरण्यात तिला उशीर झाला. मास्तरांनी उभं करून फळ्यावरच्या वाक्यातलं अ‍ॅडव्हर्ब विचारलं. आलं नाही. तर म्हणाले, "जा, आईला विचारून ये. हंडे मोजण्यात हुशार हाय ती." पोरं हसली. त्यांची लेक शुभांगी तिथंच बसलेली, नंदीच्याच वर्गात, दहावीला.

मी मॅट्रिक हाय म्हणावं. नांदेडची, इंग्रजीसकट पास. यांची नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बदली झाली म्हणून या गल्लीत यावं लागलं, नाहीतर...

दिवे लागल्यावर देव पाण्यात ठेवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, तिघंही पितळी गंगाळात. बोर्डाच्या इंग्रजीत नंदीला शुभांगीपेक्षा जास्त पडेपर्यंत वर काढणार नाही. हे म्हणाले, "लोक पावसासाठी देव पाण्यात ठेवून राहिलेत, अन् तू मार्कांसाठी?"
पाणी माझ्या वाट्याचं हाय. आजपासून माझा चहा बंद.

६ फेब्रु.
नंदीची शिकवणी बंद केली. मास्तरांची ओसरी आमच्या समोरच, तेव्हा दुपारी दार मुद्दाम सताड उघडं. शेजारून जुनं व्याकरण मागून आणलं. ज्वारी निवडता निवडता शिकवते, हात रिकामे कशाला. नंदीला म्हटलं, आधी क्रियापद धर. मग त्यालाच विचार, कसं, कधी, कुठं. उत्तर देईल तो शब्द अ‍ॅडव्हर्ब. नामाची तारीफ करत बसलेलं असेल ते विशेषण, त्याला सुपाबाहेर काढ.

८ फेब्रु.
वाक्यं मीच रचते. मास्टर शाउट्स लाउडली. मास्टर विल फॉल टुमॉरो. लाउडली पटकन धरलं. टुमॉरोला अडली, शेवटी एलवाय नाही ना. मीही अडले, पुस्तक उघडून पाहिलं. कधी पडेल? टुमॉरो. बरोबर. फ्रेंडलीला उलटी फसली, ते विशेषण निघालं. म्हटलं, हा शब्द मास्तरांच्या वाक्यात घालायचाच नाही. तेव्हा कुठं हसली.
"आई, दर वाक्यात मास्तरच काहून पडतेत?"
पडू दे.

११ फेब्रु.
टँकरवर मास्तरीणबाई भेटल्या. शुभांगी शाळेत पहिली येणार म्हणून सगळ्या बायांना सांगून राहिल्या. मी हातातली टँकरची नळी सोडली नाही. घरी येऊन गंगाळात वाटीभर पाणी घातलं, आटतंय. हात जोडले तर मनात आलं, परीक्षेदिवशी त्या पोरीला ताप यावा.
असं लिहू नये. लिहिलं.

१४ फेब्रु., सोम.
दुपारी मागच्या दारी शुभांगी. एकटी, पुस्तक पदराआड. "काकू, मला बी शिकवा की. बाबांना दुसऱ्यांदा विचारलं तर मारतेत." हातावर पट्टीचे वळ. पाठ करते, पण वाक्य बदललं की काहीच येत नाही म्हणाली. नंदी उठून तिला पाट द्यायला गेली. मी थांबवलं.
म्हटलं, "शिकवते. पण उद्या चारला, पुढच्या दारानं ये. बाबांच्या ओसरीसमोरून."
तिचं तोंड उतरलं. मागच्या दारानंच परत गेली.
मास्तरांची पोर हंडेवालीच्या दारात, सगळ्या गल्लीदेखत. याहून अधिक काय मागू. फक्त देवांना काय सांगावं कळेना. ती शिकली तर नंदीच्या पुढं जाईल. न शिकली तर मी जिंकते, फुकट.
नंदी अर्ध्या भाकरीवरच उठली.

१५ फेब्रु.
चार वाजून गेले. बसल्या बसल्या लिहिते. शुभांगी कोपऱ्यावरच्या खांबाशी उभी. ओसरीवर मास्तर, पोरांचा पाढ्यासारखा आवाज. ती दोन पावलं येते, परत फिरते. हे म्हणाले, "बोलव की तिला. लेकरू हाय." मी ज्वारीचं सूप मांडीवर ओढलं. मागच्या दाराला सकाळीच कडी घातलीय.
आता खांबाशी कोणी नाही. ओसरीकडंही गेली नाही.
मागं कडी काढल्याचा आवाज झाला. नंदी. पाट सरकवल्याचाही.
उठून कडी परत घालावी का. सूप मांडीवरच हाय, अजून उठले नाही.