तात्यांनी ओढलेला सदरा

सोमवार, मार्च १९४६. दिवेलागण.

आज तात्यांना मोटारसायकलवर मागं बसवून कराडला नेलं. तात्या म्हणजे शिवाचे वडील. शिवा माझ्याच पलटणीत होता, माझ्यासारखाच मोटारसायकल चालवायचा, लढाईत गेला.

येताना वळणावर उसाची बैलगाडी आडवी आली आणि समोरून भरधाव मोटार. मी घाबरलो नाही. पलटणीत शिकवलेलंच, मोटारीकडं बघायचं नाही, मोकळ्या जागेकडं बघायचं. तेवढ्यात तात्या “हो, हो!” ओरडले आणि बैलाचा कासरा ओढावा तसा माझा सदरा मागं ओढला. गळ्याचं बटण तुटून उडालं. तरी हँडलवरचा हात हलला नाही. दोन्हींच्या मधून मोटारसायकल काढली.

पुढं थांबलो. तात्या धापा टाकत म्हणाले, “वढलं म्हून वाचलो बग.”

“व्हय, तात्या.” दुसरं काय म्हणणार?

मग तात्या माझ्या उघड्या गळ्याकडं बघत हळूच म्हणाले, “आमच्या शिवाच्या मागं कुनीच न्हवतं व्हय रं?”

मी गाडीला किक मारली.

बटण अजून लावलेलं नाही. लढाईत शिवाच्या मागच्या मोटारसायकलवर मीच होतो. तो पडला त्या दिवशीही मी मोकळ्या जागेकडंच बघत होतो, त्याच्याकडं नाही.